मिनामाताचे पाणी कोणी तपासले?



विद्यापीठांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे बहुधा इमारती, कुलगुरू आणि पदवीदान समारंभ यांचीच जंत्री पुढे येते. विद्येने कोणाचे कोणते काम केले, आणि ते करीत असता तिची वाट कोणी अडविली, हा इतिहास सहसा सांगितला जात नाही. आज समुद्राचे व पर्यावरणाचे शास्त्र विद्यापीठांतून स्वतंत्रपणे शिकविले जाते. त्याची खाती आहेत, प्रयोगशाळा आहेत, पदव्या आहेत. परंतु यांपैकी फारसे काही नव्हते त्या काळी जपानातील एका प्रांतिक विद्यापीठातले काही अध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी एका लहानशा उपसागराचा गाळ, त्यातले शिंपले, किनाऱ्यावरची मांजरे आणि माणसे तपासत होते. त्यांच्या हाती जे लागले त्याने पुढे जगाचा कायदा बदलला. त्या उपसागराचे नाव मिनामाता.

या हकीकतीत तीन तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. रोगाची पहिली नोंद झाली १९५६ साली. त्याचे कारण विद्यापीठाने जाहीर केले १९५९ साली. सरकारने ते कारण मान्य केले १९६८ साली. म्हणजे सत्य सापडण्यास तीन वर्षे लागली, आणि सापडलेले सत्य मानले जाण्यास आणखी नऊ. पहिल्या तीन वर्षांची कथा शास्त्राच्या पुस्तकांतून सापडते. आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते ती पुढच्या नऊ वर्षांची. त्या नऊ वर्षांत मिनामाताला ज्ञानाची उणीव नव्हती. ते कोणाच्या कपाटात पडून होते आणि ते बाहेर कोणी आणले, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम गावाची ओळख करून घेऊ. जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाता वसले आहे. समोरचा शिरानुई समुद्र बेटांनी आणि किनाऱ्याने असा वेढलेला आहे की, तो समुद्र कमी आणि तलाव अधिक वाटावा. लाटा सौम्य, मासळी उदंड. १९०८ साली शितागाऊ नोगुची या उद्योजकाने येथे विजेच्या बळावर कार्बाइड आणि त्यापासून नायट्रोजनयुक्त खत तयार करण्याचा कारखाना उभारला. या कंपनीला पुढे चिस्सो असेच नाव पडले. चिस्सो म्हणजे जपानी भाषेत नायट्रोजन. कारखान्याबरोबर गाव वाढले. नोकऱ्या, दुकाने, नगरपालिकेचे उत्पन्न, सारे त्याच्या भोंग्यावर चालू लागले. कारखान्यातील ॲसिटाल्डिहाइडची कृती ज्यांनी बसविली ते हिकोशिची हाशिमोतो हेच पुढे १९५० साली गावाचे महापौर झाले, यावरून कारखाना आणि गाव यांचे नाते कळून येईल.

मच्छीमारांचे आणि कारखान्याचे भांडण जुनेच होते. सांडपाण्याने मासळी मरते ही तक्रार पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून चालत आलेली होती. १९२६ साली कंपनीने मच्छीमारांच्या संघास १,५०० येन दिले. नुकसानभरपाई म्हणून नव्हे, सहानुभूती म्हणून. आणि अट अशी की यापुढे तक्रार करावयाची नाही. ही अट वाचकांनी लक्षात ठेवावी. तेहेतीस वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

१९३२ पासून कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. सिरक्यातले आम्ल आणि पुढील काळात प्लॅस्टिक मऊ करण्याची द्रव्ये यांसाठी ते लागते. कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायू पाण्याशी जोडावयाचा, आणि त्यासाठी उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरावयाचा, अशी ती कृती. उत्प्रेरक म्हणजे स्वतः अलिप्त राहून दुसऱ्यांचे लग्न जमविणारा मध्यस्थ. परंतु येथला मध्यस्थ सर्वस्वी अलिप्त राहत नव्हता. पाऱ्याचा थोडा अंश त्या भांड्यातच कार्बनाशी जडून मिथिल पारा नावाचे सेंद्रिय संयुग होई आणि सांडपाण्याबरोबर ह्याक्केन नावाच्या बंदरात उतरे. तेथून तो सूक्ष्म जीवांत, त्यांतून लहान मासळीत, लहान मासळीतून मोठ्या मासळीत चढत जाई, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढे. शेवटची पायरी माणसाची. हे विष मेंदूत शिरते.

१९५०च्या सुमारानंतर किनाऱ्यावर चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या. मासे पाण्यावर तरंगू लागले. कावळे उडता उडता पडले. मांजरे गरगर फिरत, झटके येऊन मरू लागली. लोक त्यास मांजरांचा नाचरोग म्हणत. एप्रिल १९५६ मध्ये एका कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलीला कारखान्याच्या इस्पितळात आणण्यात आले. तिला चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आणि शेजारची माणसे त्याच लक्षणांनी आली. इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्यकेंद्रास कळविले की, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग गावात पसरत आहे. कामगारांच्या सणाच्या दिवशीच ही नोंद व्हावी हा योगायोग आहे; पण आमच्यासारख्यास तो विसरवत नाही.

रोग संसर्गजन्य असावा असा पहिला समज होता. रुग्णांना वेगळे ठेवले गेले, घरांवर जंतुनाशके फवारली गेली, आणि शेजारपाजाऱ्यांनी त्या घरांशी व्यवहार तोडले. ऑगस्टमध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने संशोधनमंडळ नेमले. हे विद्यापीठ टोकियो वा क्योतो यांच्या तोलाचे नव्हे. ते प्रांतातले, बेताच्या साधनांचे. तरी मंडळाने गावोगाव हिंडून कोणत्या घरी काय खातात याचा तपास केला आणि नोव्हेंबरपर्यंत सांगितले की रोग संसर्गाचा नाही. उपसागरातील मासे व शिंपले यांतून कोणत्या तरी जड धातूचे विष पोटात जात आहे, आणि कारखान्याच्या सांडपाण्याकडे संशयाने पाहणे भाग आहे. पुढील वर्षी स्थानिक आरोग्यकेंद्राच्या प्रमुखांनी उपसागरातील मासे मांजरांना खाऊ घातले, आणि ती त्याच रोगाने पडली.

येथेच मासेविक्री थांबविता आली असती. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी अन्नस्वच्छतेचा कायदा लावण्याविषयी केंद्रातील आरोग्यमंत्रालयास विचारलेही. सप्टेंबर १९५७ मध्ये उत्तर आले की, उपसागरातील सर्वच मासे विषारी झाल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. ज्या घरात विषबाधा झाली तेथे शिजलेल्या अन्नाचा प्रत्येक घास तपासून होईपर्यंत जेवण चालू ठेवा, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

विष कोणते, हे मात्र सापडेना. मंडळाने मँगनीज म्हटले, मग सेलेनियम, मग थॅलियम. यावर पुढे पुष्कळ टीका झाली की, हे अध्यापक दर वर्षी नवे नाव सांगतात. पण कारखान्यात कोणकोणती द्रव्ये वापरतात याची यादी कंपनी देत नव्हती. अध्यापक कुंपणाबाहेर उभे राहून वासावरून ओळखण्याचा प्रयत्न करीत होते. ॲसिटाल्डिहाइडच्या विभागात पारा वापरतात हे तेथे पाळीवर असणाऱ्या प्रत्येक कामगारास ठाऊक होते. तो त्याच्या डोळ्यांदेखत ओतला जात होता. विद्यापीठास ते ठाऊक नव्हते. एका भिंतीच्या आत प्रश्नाचे अर्धे उत्तर होते आणि बाहेर दुसरे अर्धे. दोन्ही अर्धी माणसे त्याच गावात राहत होती.

किल्ली अखेर दुरून आली. १९४० साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली होती. बियाण्यास लावावयाचे पाऱ्याचे सेंद्रिय औषध बनविणाऱ्या एका कारखान्यात ते काम करीत. त्यांचा तोल गेला, वाचा अडखळू लागली, आणि दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होऊन नळीतून पाहिल्याप्रमाणे समोरचेच तेवढे दिसू लागले. त्यांपैकी एकाच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि ती १९५४ साली छापली गेली. १९५८ साली मिनामाताचे रुग्ण पाहून गेलेल्या डग्लस मॅकाल्पाइन या ब्रिटिश मज्जातज्ज्ञाने हे साम्य बोलून दाखविले. कुमामोतोचे विकृतिशास्त्रज्ञ तादाओ ताकेउची यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची त्या वर्णनाशी तुलना केली, तेव्हा दोहोंचा मेळ बसला. जपानी मच्छीमारांच्या रोगाचे निदान करण्यास इंग्लिश कामगारांच्या देहांनी साक्ष दिली, असेच म्हणावे लागेल. कारखान्याच्या आत विष प्रथम कामगारास बाधते. तेथे त्याची नीट नोंद झाली तर कुंपणाबाहेरची माणसे वाचू शकतात. कामगारांच्या रोगांची नोंदवही हा केवळ कामगारांचा प्रश्न नाही, हे आम्ही सभांतून सांगत आलो आहोत. त्याचे याहून मोठे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

२२ जुलै १९५९ रोजी मंडळाने जाहीर केले की विष सेंद्रिय पाऱ्याचे आहे. ह्याक्केनच्या गटाराच्या तोंडाशी असलेल्या गाळात दर टनास सुमारे दोन किलो पारा निघाला. रुग्णांच्या केसांत दर दहा लाख भागांस ७०५ भागांपर्यंत पारा आढळला; बाधित क्षेत्राबाहेरच्या लोकांत तो सरासरीने चारच भाग होता. आकडे इतके स्पष्ट असता पुढची नऊ वर्षे का लागावीत?

त्याचे उत्तर १९५९ सालच्या उरलेल्या पाच महिन्यांत आहे. दरम्यान, सप्टेंबर १९५८ मध्ये, कारखान्याने ह्याक्केनऐवजी मिनामाता नदीच्या मुखाकडे सांडपाणी सोडण्यास सुरुवात केली होती, आणि थोड्याच महिन्यांत त्या बाजूच्या वस्त्यांत रुग्ण निघू लागले. इच्छा नसता कंपनीने जणू प्रयोगच करून दाखविला होता. दुसरा प्रयोग डॉ. होसोकावा यांनी इस्पितळात चालविला. ॲसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नावर शिंपडून ते एका मांजरास घालू लागले. नोंदवहीत त्याचा क्रमांक ४०० होता. ऑक्टोबर १९५९ च्या पहिल्या आठवड्यात ते मांजर थरथरू लागले, त्याचे मागचे पाय लुळे पडले, आणि ते गरगर फिरू लागले. डॉक्टरांनी हे वरिष्ठांस कळविले. हा निकाल बाहेर सांगू नये असे ठरले, आणि नोव्हेंबरअखेर प्रयोगच बंद करण्यात आला. ज्या कंपनीस पुरावा नाही असे म्हणावयाचे होते तिच्याच वहीत पुरावा लिहिला जाऊन मिटला गेला.

बाहेर त्याच वेळी दुसऱ्या उपपत्ती निघाल्या. रासायनिक उद्योगांच्या संघटनेने सांगितले की, युद्धाच्या शेवटी समुद्रात टाकलेल्या स्फोटकांचे हे विष असावे. टोकियोतील एका नामांकित तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक चार दिवस पाणी तपासून गेले आणि पारा कारण नाही असे म्हणाले. कुजक्या माशांतील अमाइनांनी रोग होतो, असेही मत निघाले. या मतांपुढे टोकियोची प्रतिष्ठा होती. कुमामोतोपुढे नुसता गाळ आणि मेंदूचे काप. प्रत्येक नवे मत सरकारास आणखी एक वर्ष थांबण्याची सबब देत होते. तेव्हा संशोधन हा शब्द उच्चारला की सत्याची बाजू झाली, असे नव्हे. संशोधन दोन्ही बाजूंना असते. ते कोणाच्या खर्चाने होते आणि कोणास तपासू देते, हे पाहावे लागते. १२ नोव्हेंबरला आरोग्यमंत्रालयाच्या सल्लागार मंडळाने सेंद्रिय पारा हेच कारण असल्याचा निर्णय दिला, परंतु तो कोठून आला याविषयी अवाक्षर काढले नाही. या प्रश्नाचा अभ्यास करणारी उपसमिती दुसऱ्याच दिवशी बरखास्त झाली.

२ नोव्हेंबरला शिरानुई समुद्राचे हजारो मच्छीमार कारखान्यात घुसले. मारामारी झाली, माणसे जखमी झाली. आणि आता जे सांगावयाचे ते सांगताना आम्हांस जड जाते. काही दिवसांतच महापौर, व्यापारी आणि इतर संस्था यांचे एक शिष्टमंडळ प्रांताच्या राज्यपालाकडे गेले. सांडपाणी बंद करू नका, कारण कारखाना बंद पडेल आणि गाव उपाशी मरेल, असे त्यांचे म्हणणे. त्या शिष्टमंडळात कारखान्याची कामगार संघटनाही होती. या माणसांना आज नावे ठेवणे सोपे आहे. ज्याची चूल कारखान्याच्या पगारावर पेटते त्याला रोजगार आणि समुद्र यांत एकाची निवड कर असे सांगितले, तर तो बहुधा रोजगारच निवडील. पण ही निवड त्याच्यापुढे मांडतो कोण? पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचावा म्हणून मालकाने मच्छीमाराचे आयुष्य पणाला लावले, आणि ही लढाई मच्छीमार व कामगार यांची आहे असे गावास भासविले. संघटनेने हा डाव ओळखावयास हवा होता. तिने तो ओळखला नाही.

वर्षाच्या शेवटी दोन समारंभ झाले. १९ डिसेंबरला सायक्लेटर नावाचे जलशुद्धीकरणाचे यंत्र थाटात सुरू झाले, आणि कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातून निघालेले म्हणून पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखविले. ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलेच नव्हते, आणि ॲसिटाल्डिहाइड विभागाचे पाणी त्या वेळी त्यातून जातही नव्हते, हे पुढे उघड झाले. ३० डिसेंबरला रुग्णांच्या संघाशी करार झाला. मृतास ३,००,००० येन, प्रौढ रुग्णास वर्षाला १,००,०००, मुलास वर्षाला ३०,०००. शब्द पुन्हा तोच, सहानुभूती. आणि अट अशी की, रोगाचे कारण कारखान्याचे सांडपाणी आहे हे पुढे सिद्ध झाले तरी आणखी मागणी करावयाची नाही. अट लिहून घेणाऱ्या कंपनीच्या इस्पितळात मांजर क्रमांक ४०० ची नोंद तेव्हा तयार होती. वर्तमानपत्रांनी प्रकरण मिटले असे लिहिले. कारखान्याचे उत्पादन वाढत गेले.

या शांततेच्या काळात ज्यांनी काम चालू ठेवले ते थोडे होते, आणि त्यांत विद्यार्थी ठळक होते. आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक कात्सुरो इरुकायामा यांनी कारखान्याच्या ॲसिटाल्डिहाइड विभागातून मिळालेल्या गाळातून सेंद्रिय पारा वेगळा काढला. फेब्रुवारी १९६३ मध्ये मंडळाने ते जाहीर केले. म्हणजे विष कारखान्याच्या भांड्यातच तयार होते, समुद्रात नव्हे, हे सिद्ध झाले. त्यावर कोणताही खटला झाला नाही.

मासाझुमी हाराडा तेव्हा कुमामोतोचे तरुण पदव्युत्तर विद्यार्थी. १९६१ साली ते मिनामाताच्या वस्त्यांतून घरोघर हिंडत असता त्यांना एका घरी दोन भाऊ दिसले. दोघांची लक्षणे सारखी. आईने सांगितले की थोरल्यास मिनामाता रोग आहे आणि धाकट्यास नाही, कारण धाकट्याने मासे खाल्लेच नाहीत, तो जन्मतःच असा आहे. डॉक्टरच तसे म्हणतात. पण पुढे तीच म्हणाली की, मासे मी खाल्ले होते, मग ते विष माझ्या पोटातून त्याच्याकडे गेले नसेल कशावरून? वार गर्भास विषापासून राखते, असे तेव्हाची पुस्तके सांगत. हाराडांनी पुस्तकापेक्षा आईवर विश्वास ठेवला. त्याच गावी, त्याच वर्षांत जन्मलेली अशी आणखी मुले त्यांनी शोधली आणि त्यांची लक्षणे एकच असल्याचे दाखविले. नोव्हेंबर १९६२ मध्ये अशा सोळा मुलांना गर्भातच झालेला मिनामाता रोग म्हणून मान्यता मिळाली. तोपर्यंत त्यांना जन्मतः मेंदूचे व्यंग असलेली म्हणून बाजूस सारले होते.

या शोधास पुढे एक जोड मिळाली. जपानात बाळाच्या नाळेचा तुकडा वाळवून लहानशा लाकडी पेटीत जपून ठेवण्याची रीत आहे. आपल्याकडे नाळ पुरतात, तेथे ठेवतात. या जुन्या पेट्या घरोघरी मिळाल्या, तुकड्यांतील मिथिल पारा मोजण्यात आला, आणि १९७५ साली हे संशोधन 'नेचर' नियतकालिकात आले. कारखान्याचे ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन ज्या वर्षांत वाढले त्या वर्षांत जन्मलेल्यांच्या नाळेत पारा वाढलेला होता. कंपनीने आपल्या वह्या लपविल्या. आयांनी आपल्या जपल्या.

दुसरा विद्यार्थी जुन उई. टोकियो विद्यापीठातून रसायनाची पदवी घेऊन त्यांनी प्लॅस्टिकच्या एका कारखान्यात तीन वर्षे काम केले होते. तेथे पाऱ्याचे सांडपाणी त्यांच्या हातून नदीत सोडले गेले होते. मिनामाताविषयी वाचताच त्यांस चैन पडेना. ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि मिनामातास जाऊ लागले. १९६२ च्या सुमारास कारखान्याच्या इस्पितळात त्यांना मांजरावरील प्रयोगाच्या नोंदी पाहावयास मिळाल्या. हे कोठे छापावे? विद्यापीठाच्या नियतकालिकांतून छापल्यास नोकरीची आशा संपली असती. रासायनिक कामगारांच्या महासंघाच्या मासिकातून त्यांनी टोपणनावाने लेखमाला लिहिली. कामगारांच्या मासिकाने एका विद्यार्थ्याच्या संशोधनास आसरा दिला, ही कामगार चळवळीच्या इतिहासातील लहान पण मानाची नोंद आहे.

भिंत अखेर दोन्हीकडून हलली. १९६२ साली कंपनीने कामगारांपुढे ठेवलेला वेतनकरार असा होता की, काही वर्षे पगारवाढ ठरलेली, पण संप करावयाचा नाही. संघटनेने तो नाकारला. संप आणि टाळेबंदी मिळून सुमारे सहा महिने झुंज चालली. कंपनीच्या कृपेने दुसरी संघटना निघाली. पहिल्या संघटनेचे लोक परतले तेव्हा त्यांना हलकी कामे मिळाली, त्यांच्या घरांशी शेजाऱ्यांनी बोलणे टाकले. गावातून वाळीत पडणे म्हणजे काय हे त्यांना आता कळले, आणि दहा वर्षे वाळीत पडलेल्या रुग्णांची घरे त्यांना दिसू लागली. १९६५ साली दूर निगाता येथे, आगानो नदीच्या काठी, दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच कारखान्याखाली तोच रोग निघाला. निगाता विद्यापीठाच्या अध्यापकांनी तो लगेच जाहीर केला. १९६७ मध्ये तेथील रुग्णांनी दावा लावला, आणि मिनामाताचे मौन टिकणे कठीण झाले.

मे १९६८ मध्ये मिनामातातील ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाले. ती कृती आता किफायतशीर राहिली नव्हती. ऑगस्टअखेर पहिल्या संघटनेने आपल्या सभेत ठराव केला की, आजवर आपण मिनामाता रोगाशी लढलो नाही, याची माणूस म्हणून आणि कामगार म्हणून आपल्याला लाज वाटते. सप्टेंबरमध्ये सरकारने कारण मान्य केले. ठराव आधी झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मे १९७० मध्ये याच संघटनेने प्रदूषणाच्या प्रश्नावर संप केला. पगारासाठी नव्हे, पाण्यासाठी.

१९६९ साली रुग्णांच्या २९ कुटुंबांनी कुमामोतोच्या न्यायालयात दावा लावला. त्यांच्या पाठीशी एक अभ्यासमंडळ उभे राहिले. त्यात हाराडांसारखे डॉक्टर, कायद्याचे अध्यापक, लेखिका मिचिको इशिमुरे, आणि पहिल्या संघटनेचे कामगारही होते. कारखान्याच्या आत काय कसे चालते, कोणता नळ कोठे जातो, हे कामगारांनी सांगितले. त्याचा अर्थ अध्यापकांनी लावला. १९५६ साली जी दोन अर्धी भिंतीच्या दोन बाजूंना होती ती आता एका टेबलाशी बसली. १९७० मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, रुग्णशय्येवरून डॉ. होसोकावा यांनी मांजर क्रमांक ४०० विषयी साक्ष दिली. २० मार्च १९७३ रोजी निकाल लागला. विषारी द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी ते निर्धोक असल्याची खात्री करणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. १९५९ चा करार रुग्णांच्या अज्ञानाचा आणि गरिबीचा फायदा घेऊन केलेला म्हणून रद्द ठरविला.

पुढचा वृत्तांत थोडक्यात. विषारी गाळ उपसून व पुरून उपसागराचे ५८ हेक्टर भरून काढण्यात आले. ते काम १९९० पर्यंत चालले. १९९७ साली मासे निर्धोक असल्याचे जाहीर होऊन उपसागरातील जाळ्यांची भिंत काढली गेली. दोन हजारांहून अधिक माणसांस रुग्ण म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. मान्यतेवाचून राहिलेल्यांचे दावे त्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहिले. २०१३ साली कुमामोतो येथे पाऱ्याविषयीच्या जागतिक करारावर सह्या झाल्या. त्यास मिनामाता करार म्हणतात. तो २०१७ पासून अमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्यास संमती दिली.

जुन उई टोकियो विद्यापीठात एकवीस वर्षे सहायकाच्याच पदावर राहिले. १९७० पासून पंधरा वर्षे त्यांनी विद्यापीठाच्या एका वर्गात रात्री सर्वांसाठी मोकळी व्याख्याने चालविली. पदवी नाही, परीक्षा नाही. जो येईल तो विद्यार्थी. कारकून, गृहिणी, कामगार येत, आणि आपापल्या गावच्या नदीची हकीकत सांगत. हाराडांनीही आयुष्याच्या उत्तरकाळात कुमामोतोतील दुसऱ्या एका विद्यापीठात मिनामाताचे शास्त्र या नावाने अध्यापन सुरू केले. त्यात रुग्ण आणि मच्छीमार हेही व्याख्याते असत. या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस ही रीत परकी वाटू नये. न शिकलेल्यांनी शिकलेल्यांचे ऐकावे ही अर्धीच व्याख्यानमाला. शिकलेल्यांनीही ऐकावयास बसावे, तेव्हा ती पुरी होते.

एक प्रश्न मात्र पुष्कळ वर्षे उरला होता. ॲसिटाल्डिहाइड १९३२ पासून निघत होते, तर रोगाचा कहर १९५० नंतरच का? २००१ साली त्याचे उत्तर देणारे पुस्तक निघाले. कारखान्याने १९५१ मध्ये कृतीत एका साहाय्यक द्रव्याचा बदल केला, त्यामुळे मिथिल पारा कित्येक पटींनी वाढला, असे त्यात दाखविले आहे. पुस्तकाचे लेखक दोघे. एक टोकियो विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकी शिकविलेले प्राध्यापक हाजिमे निशिमुरा. दुसरे तात्सुआकी ओकामोतो. ते चिस्सोच्या त्या पहिल्या कामगार संघटनेचे एके काळचे अध्यक्ष.